चार दात जास्त

साकोलीतला माझा गाडीमिस्त्री पांढरा शर्ट घालून काम करतो आणि त्यावर ग्रीसचा ठिपकाही पडू देत नाही. मी मासळी विकतो. भरला क्रेट घेऊन माझी गाडी तलावाची पाळ चढायची नाही, मलाच ढकलावी लागे. बाकीचे म्हणायचे, इंजिनच बदल. यानं फक्त चेनची मागची चक्री बदलली, चार दात जास्तीची बसवली.

"आता पळन कमी, पन ओढन जास्त."

रिकाम्या गाडीवर तो ट्रायल घेतच नाही. गळका क्रेट मांडीवर घेऊन स्वतःच मागे बसला. गाडी एका दमात पाळीवर! त्याचा शर्ट मासळीच्या पाण्यानं चिंब झालेला. मी ओशाळून थांबलो.

"थांबला काहून बे?" तो ओरडला. "खाली घे, अजून एकडाव चढू!"