पिंजऱ्यात ससा नव्हता

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. रसायनशास्त्राचा माणूस मी... बरणीत दिसेल तेच खरं! त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. तरी लिहितो.

एकोणीसशे साठचं दशक. रायगडला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. रेवसच्या धक्क्याजवळ आमच्या छोट्या मुंबईकर कंपनीने एक कौलारू घर भाड्याने घेतलं होतं. मासळी वाळवायच्या खळ्यावरच्या जवळ्यावर माशा बसू नयेत म्हणून एक पूड बनवायची आणि ती खाणाऱ्याला बाधत नाही ना हे तपासायचं – हे माझं काम. तपासायचं म्हणजे सशांना खाऊ घालायची आणि मरतात का ते बघत बसायचं. मला ते बघवेना. म्हणून मी वेगळी वाट काढली. मिठागराच्या पाण्यात कोळंबीसारखे, जेमतेम डोळ्यांना दिसणारे जीव असतात. ते त्याच पाण्यासकट बरणीत आणायचे आणि पूड टाकायची. मेले, तर पूड बाद. नव्या पुडीत ते मजेत पोहत राहिले. मी खूश! उरलेले ससे लाँचने मुंबईला परत धाडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिराबाय पुडीचा डबा न्यायला आली. खळं तिचंच.

"द्या सायब. जवला वालत घातलाय, माशांनी जीव खाल्लाय. पोरां त येता-जाता मूठभर तोंडात टाकतान."

मी डबा उचलला... आणि मागच्या खोलीतून आवाज आला. धप्प!

ससा घाबरला की मागचा पाय आपटतो, बाकीच्यांना सावध करायला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. मी डबा खाली ठेवला. शांत. उचलला – धप्प, धप्प!

"ससं त पाठवलं ना तुमी?" हिराबाय हळूच म्हणाली.

आत गेलो. पिंजरे रिकामे, दारं सताड उघडी. उंदीर, घूस, सुटी फळी... सगळं शोधलं. काही नाही. तेवढ्यात बाहेर तिने डबा हातात घेतला असावा, कारण माझ्या डोळ्यांदेखत रिकाम्या पिंजऱ्याचा पत्रा हादरला. धप्प! मी तसाच बाहेर आलो.

"मना नको ह्यो डबा," म्हणत ती दोन पावलं मागे सरली.

ती गेल्यावर मी स्वतःवरच चिडलो. आवाजाला काय भ्यायचं! पण बरण्या पुन्हा बघितल्याशिवाय राहवेना. पूड तळाशी गोळा होऊन पडली होती. मिठागराचं पाणी इतकं खारट, की ती त्यात मिसळलीच नव्हती. माणसाच्या पोटात काय मिठागर असतं? मी दोन बरण्यांत गोडं पाणी घातलं, एक पुडीची, एक बिनपुडीची. नुसत्या पाण्यातले जीव पोहत राहिले. पूड घातलेल्या बरणीतले एकूण एक मेले.

खळ्यावरची पोरं डोळ्यांसमोरून हलेनात. पूड मी त्याच दिवशी बाद केली. हिराबायला सांगितलं, तशी ती हिरवा पाला घेऊन आली आणि रिकाम्या पिंजऱ्यात ठेवून गेली.

माझी चूक कुठे झाली ते मी बरणीसकट दाखवू शकतो. आवाजाचं मात्र काही सांगता येत नाही. त्याच पिंजऱ्यांत माझ्या हातून कितीतरी ससे मेले होते. त्यांच्यातल्या कुणी माणसांच्या पोरांसाठी पाय का आपटावा?