गोलात ‘का’ विचारायचं नसतं

रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारची झोप तुकड्यातुकड्यांनीच येते. शेजारी कुकरची शिट्टी होते, खालून भंगारवाला ओरडत जातो, आणि हेमांगी पडद्याआडच्या पिवळ्या उजेडात डोळे मिटून पडून असते. झोपायला तर हवं. चारला गोल आहे.

गोल म्हणजे हॉस्पिटलमधल्या हेमांगीच्या वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरांनी महिन्यातून एकदा खुर्च्या वर्तुळात मांडायच्या आणि आपल्या कामाबद्दल बोलायचं. कागदोपत्री ती ‘चिंतन-बैठक’. सिस्टरांनी तिचा गोल केला. तो चालवायला बाहेरून केतकी मॅडम येतात. नियम त्यांचेच. ‘तू’ म्हणायचं नाही, ‘मी’ म्हणायचं. ‘का’ विचारायचं नाही, ‘काय झालं’ विचारायचं. आणि इथलं इथंच राहील.

आज गोलात हेमांगीच्या आईबद्दल बोलायचं आहे. आई ह्याच वॉर्डात गेली, हेमांगी खाली कँटीनमध्ये चहा घेत असताना. जवळ सलोमी सिस्टर होती. तिनं फोन केला तो सगळं संपल्यावर. आधी का नाही केला, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. सलोमी तेव्हापासून नजर चुकवते. हेमांगी आत आली की चाललेलं बोलणं थांबतं, कुणीतरी उगीचच तिला पाणी आणून देतं. आणि काल मॅडमचा तो मऊ आवाजातला फोन: "आईंबद्दल बोलू या का? सगळ्यांना हलकं वाटेल."

सगळ्यांना! ह्यात काहीतरी काळंबेरं आहे, हे हेमांगीनं तेव्हाच ताडलं. एकेक जण ‘मला वाईट वाटलं’ म्हणणार, डोळे पुसणार, आणि जे काही झालं असेल ते गोलातच पुरलं जाणार. पुढं विचारायची सोयच राहणार नाही.

"सरक जरा," आई म्हणते.

हेमांगी सरकते. खाली पलंग नाही, प्लास्टिकची खुर्ची आहे. आई शेजारच्या खुर्चीत टेकते. केस नुकते धुतलेले, खांद्यावर पंचा. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या आणि समोर एकट्या केतकी मॅडम.

"हाच का तुमचा गोल?"

"हो. हळू बोल."

"आधी सगळे मिळून एक खोल श्वास घेऊ या," मॅडम म्हणतात.

"तो असता तर इथं कशाला आले असते?" आई म्हणते. हेमांगीला हसू फुटतं, ते ती गिळते.

"आणि इथं बोललेलं इथंच राहील."

आई हेमांगीच्या कानाशी वाकते. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई ती. "असं म्हणणाऱ्यांचेच कॉल मी जोडून द्यायचे. एक ठेवला की लगेच दुसरीकडं लावून मागायचे. हिला पगार कोण देतं गं?"

"हॉस्पिटल."

"बघ!"

"आई, इथं कुणाला दोष द्यायचा नसतो. ‘तू’सुद्धा म्हणायचं नसतं."

"मग भांडायचं कसं?"

"भांडायचंच नसतं."

"मग जमता कशाला?"

ह्यावर मॅडमनी काहीतरी म्हणायला हवं, पण मॅडम नाहीत. त्यांच्या जागी भिंतभर बोर्ड आहे, भोकाभोकांचा, लोंबत्या वायरींचा. आई कानाला हेडफोन लावून वायरी खुपसते, उपसते. तिचे हात भराभर चालतात, शेवटच्या महिन्यांत चालत नव्हते तसे.

"मला त्या दुपारचा कॉल जोडून दे," हेमांगी म्हणते.

"कुणाकडनं कुणाला?"

"सलोमीकडून मला. तू जायच्या आधीचा."

आई बोर्डावरून बोट फिरवते. "असा कॉल लागलेलाच नाही."

"माहीत आहे मला! का नाही लागला?"

"‘का’ चालत नाही म्हणालीस ना?"

हेमांगी ओठ आवळते. मग जड जिभेनं म्हणते, "काय झालं, आई?"

आईच्या हातातली वायर आता सलाइनची नळी आहे. कोपऱ्यातली खोली, उंच केलेली खाट.

"मी तिचं मनगट धरलं होतं. गच्च. दाराकडं बघत होती सारखी, तुला बोलवायला जायचं होतं तिला. मी सोडलंच नाही."

"हाक मारता आली असती तिला."

"कशी मारेल? मी तिला हेमू म्हटलं. ‘हेमू, आहेस ना गं?’ तर म्हणाली, ‘आहे आई, इथंच आहे.’ आता असं म्हटल्यावर तिनं उठून हेमांगीला बोलवा म्हणून ओरडायचं?"

हेमांगी खाटेसमोर स्टूल ओढून बसते.

"तुला खरंच वाटलं, ती मी आहे?"

"छे! हात गार होता तिचा. तुझा कधी गार असतो? पण पोरगी इतकं मनापासून खोटं बोलत होती... मी कशाला मोडू?"

"हे तू सांगतेस, की मला बरं वाटावं म्हणून मीच—"

"संशयी मेली! अगदी माझ्यावर गेलीस." आई खाटेवरून पुढं वाकते आणि हेमांगीचं डावं मनगट पकडते. "अशी धरली होती. सोडवून बघ."

हेमांगी ओढते. सुटत नाही. दुखतं.

पडद्याच्या फटीतून ऊन चेहऱ्यावर आलेलं आहे. हेमांगी उठून बसते. डाव्या मनगटावर बोटांच्या चार लाल खुणा आहेत, पलीकडच्या बाजूला अंगठ्याची एक.

तिचा लगेच विश्वास बसत नाही. झोपेत आपणच धरलं असेल. ती उजवा हात खुणांवर ठेवून बघते. अंगठा उलट्या बाजूला पडतो. हात वरून, खालून, कसाही वळवला तरी जुळत नाही. असं धरायला माणूस समोर बसलेलं असावं लागतं.

ती तोंड धुते, ड्रेस चढवते. घड्याळ ती नेहमी डाव्या हातात बांधते. आज उजव्या हातात बांधते. खुणा उघड्या राहायला हव्यात. सलोमीच्या समोरची खुर्ची धरायची, हात पुढं करायचा, आणि मग विचारायचं, काय झालं.