रुसले नव्हते हो, वाचत होते!

परवा रविवारी सकाळी आमच्या गाडीच्या काचेवर टकटक झाली. पुस्तकातून डोकं काढलं तर बाहेर माझा धाकटा भाऊ… चाकूरहून पहिल्या बसने नांदेडला आलेला, हातात शेंगांची पिशवी, आणि चेहरा असा की कुणीतरी गेलंच असावं!

काच खाली केली तर हा हळूच म्हणतो, "अक्का, काय झालं ते नंतर सांग. आधी गाडीतून उतर… घरी यायचं असंल तर बॅग भर."

आता हा काय प्रकार होता, ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

मला लहानपणापासून वाचायचं वेड. सुट्टीच्या दिवशी जाडजूड कादंबरी घेऊन बसले की जेवायला हाका मारून मारून घरचे थकायचे. पण उन्हाळ्यात स्कूटीवरून पडले, मान धरली, कंबर धरली… आणि वाचणंच बंद पडलं.

डॉक्टर म्हणाले, मान खाली घालून वाचायचं नाही. अहो, मग पुस्तक काय छताला चिकटवू?

सगळे प्रकार करून बघितले. पालथं पडून मान आखडली, कुशीवर झोपून हात बधिर झाला. भिंतीला टेकून बसावं तर माकडहाड ओरडतं, आणि आमचा सोफा असा की बसलेलं माणूस आतच जातं… चार पानं झाली की पुस्तक मिटायचं.

खरं सांगते, एका दुपारी उशीत तोंड खुपसून रडले. शाळेची नोकरी, स्वयंपाक, सगळं जमत होतं. फक्त माझं स्वतःचं म्हणावं असं जे एकच होतं, ते गेलं असं वाटलं.

मग दिवाळीनंतर एकदा बाजारात गेलो होतो. गाडी मीच चालवत होते. आमचे हे 'आलोच' म्हणून दुकानात शिरले ते शिरलेच! मी कंटाळून सीट थोडी मागं टाकली, पर्समधलं पुस्तक काढून स्टिअरिंगला टेकवलं… आणि काय सांगू! पाठीला आधार, मान सरळ, पुस्तक बरोबर डोळ्यांसमोर.

हे परत आले तर मी म्हटलं, "एवढ्यात आलात?"

तेव्हापासून आपलं ठरलं. शाळेतून यायचं, चहा घ्यायचा आणि फाटकाजवळ लिंबाखाली उभ्या असलेल्या गाडीत काचा थोड्या खाली करून बसायचं, अंधार पडेपर्यंत. ह्यांना सांगितलं होतं, हे मोबाईलमध्ये बघत 'हं' म्हणाले होते. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वेगळं काही सांगितलं नाही… त्यात सांगण्यासारखं काय होतं?

तरी मला शंका यायला हवी होती. शेजारच्या काकू एकदा सणवार नसताना गाडीच्या खिडकीतून पुरणपोळी देऊन गेल्या, वर माझा हात धरून म्हणाल्या, "धीर धर गं." मी आपली समजले, कंबरेचं विचारतायत. म्हटलं, आता बरंच सहन होतं काकू!

तर भावाला फोन आत्याबाईंनीच केला होता. त्याच्याबरोबर घरात गेले तर त्या पदर तोंडाला लावून खुर्चीत बसलेल्या. म्हणाल्या, "माज्यापायीच बसतीस ना बाई तू भाईर… काय चुकलं असंल तर सांग."

मी म्हटलं, तुमच्यापायी? ते कसं? मग त्यांनी भीत भीत आठवण करून दिली… एकदा मालिका मोठ्याने चालू होती, तेव्हा मी 'डोकं उठलं बाई' म्हणून पुस्तक घेऊन बाहेर गेले होते. त्या दिवसापासून आत्याबाई टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून मालिका बघत होत्या. नुसती चित्रं!

आणि मी तिकडं गाडीत बसून मनात म्हणत होते, अलीकडं घर किती शांत झालंय…

मला एकदम भरून आलं. त्यांना म्हटलं, अहो आत्याबाई, मी तुमच्यावर कशाला रुसू, माझी कंबर रुसलीय! हाताला धरून बाहेर आणलं आणि माझ्या सीटवर बसवलं, गुडघे अवघडणार नाहीत अशी सीट मागं सरकवली. "कशाला गं, कशाला गं" करत बसल्या, टेकल्या… डोळे मिटले.

"अगं बया… लई ब्येस वाटून राहिलं की!"

मग काय, उतरायलाच तयार नाहीत. चहा तिथंच द्यावा लागला. भाऊ अजून पिशवी धरून उभा होता, म्हणाला, "अक्का, मला रात्रभर झोप न्हाई गं…" आणि हसायलाच लागला, आम्ही तिघंही हसत सुटलो. मला इतकं हलकं वाटलं की कित्येक महिन्यांत वाटलं नसेल. टीव्हीचा आवाज मी स्वतः वाढवून आले.

आता संध्याकाळी स्टिअरिंगला पुस्तक टेकवून मी, आणि शेजारच्या सीटवर शेंगा फोडत आत्याबाई. काल हे गाडीची चावी घेऊन बाहेर आले, आमच्याकडं बघितलं आणि गुमान मोटरसायकल काढून गेले.

तेवढ्यात काकू आल्या. गाडीत आम्हा दोघींना बघून त्यांचा चेहराच उतरला… त्यांना वाटलं असावं, आता सासू-सून दोघी मिळून घरातून बाहेर पडल्या! दबक्या आवाजात आत्याबाईंना विचारलं, "काय झालं हो वहिनी?"

आत्याबाईंनी तोंडातला शेंगदाणा संपवला. मांडीवरची टरफलं झटकली आणि अगदी ठसक्यात म्हणाल्या, "काई न्हाई बाई… वाचून राहिलो आमी."