‘हेवी रॉक चार’ यादीत नव्हती

श्रोत्यांनी मतं देऊन निवडलेल्या सर्वोत्तम रॉक अल्बमांची यादी मी आयुष्यात एकदाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. नव्वदच्या दशकातली गोष्ट, पण तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. स्टेशन परदेशातलं, शॉर्टवेव्हवर खरखरत यायचं. रविवारी दुपारी थोडे थोडे अल्बम सांगायचे, खालून वर चढत. सुरतेत, डिंडोलीला आमच्या गल्लीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, त्या दिवशी बंद असायचे, म्हणून निदान काहीतरी कानावर पडायचं.

ऐकणारे आम्ही दोघं, मी आणि माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर तो शाळा सोडून धुळ्याकडून सुरतेला आला आणि लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कारागीर झाला. मागून माय आणि मी आलो. मला त्याने कॉलेजात घातलं, स्वतःसाठी फक्त रेडिओ आणि कॅसेटचा एक टू-इन-वन घेतला. त्याच्या बरोबरीची पोरं हिंदी सिनेमातली गाणी ऐकायची, ह्याला मात्र रॉक लागायचं. शब्द एक कळत नव्हता. पण पाळी संपवून घरी आल्यावरही त्याच्या कानात लूमची खडखड चालूच असायची, आणि तिला गप्प बसवेल असं गाणं त्याला दुसरं सापडलं नव्हतं.

त्यातही त्याची खरी लाडकी कॅसेट एकच. जवळच्या उधन्याच्या एका दुकानात गाणी भरून मिळायची, तिथली. कव्हरवर कॅलेंडरमधून कापलेली मोटरसायकल आणि खाली गुजराती अक्षरांत ‘हेवी रॉक चार’. एक, दोन, तीन कुठे होत्या देव जाणे. “एक गानं सरनं का लगेच दुसरं,” भाऊ म्हणायचा, “धागा तुटस नही.” त्याची परीक्षा ही एवढीच. धागा तुटला की लूम थांबतो आणि कापडात डाग राहतो, मग गाण्यांनाच सवलत का द्यायची?

स्टेशनने मतं मागवली तेव्हा त्याने मला पत्र लिहायला बसवलं. “तू कॉलेजनी. लिखी दे.” अल्बमचं नाव विचारलं होतं, ते मी इंग्रजीत लिहिलं. गाणाऱ्या गटाचंही विचारलं होतं. ते आम्हाला कुठे ठाऊक? कव्हरच्या कोपऱ्यात ‘ओरिजिनल’ असं छापलेलं होतं, तेच लिहून टाकलं. पाकिटाला भाऊने स्वतः तिकिटं चिकटवली आणि पेटीत टाकल्यावर पेटी दोनदा थोपटली.

मग यादी सुरू झाली. काय ती यादी! एकाच गटाचे तीन-तीन अल्बम, जणू सरपंचाच्याच घरातली सगळी माणसं निवडून आलेली. बाई गाणारी जवळजवळ नाहीच. निम्मे अल्बम असे की दोन गाणी दमदार आणि बाकी सगळा भुसा. निवेदक तर असा हळू, भारावून बोलायचा, वाटावं सत्यनारायणाची कथा सांगतोय. लोकांनी कानाने मत दिलंच नव्हतं, नावाला दिलं होतं. मी तणतणत होते आणि भाऊ हसत होता. “थांब जरा. आपली वर शे.”

तिसऱ्या की चौथ्या रविवारी आमच्या कॅसेटमधलं पहिलं गाणं वाजलं. मी उडालेच! पण निवेदकाने अल्बमचं नाव काही वेगळंच सांगितलं. थोड्या वेळाने आमचंच आणखी एक गाणं आलं, तेही दुसऱ्याच गटाच्या नावावर. भाऊला दोन्ही गाणी ओळखूच आली नाहीत. तो रेडिओला कान लावून बसला होता, तरीही.

मी उधन्याच्या त्या दुकानात गेले. दुकानदार बिचारा सरळ माणूस. “ए तो चार-पांच जग्याएथी लीधेलुं छे, बेन,” म्हणाला. चार-पाच अल्बमांतून उचललेली गाणी होती ती. टेपवर बसावीत म्हणून त्याने मधल्या मोकळ्या जागा कापून टाकल्या होत्या. “एमां शुं?” त्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं. भाऊचा न तुटणारा धागा तो हा. ‘हेवी रॉक चार’ नावाचा अल्बम जगात कुठे नव्हताच. तो फक्त आमच्या घरात होता.

हे त्याला सांगायचं कसं? भाऊशी घरात आता ओरडून बोलावं लागे, आणि असली गोष्ट ओरडून सांगता येत नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की लूमच्या आवाजाने कान गेलेत, गेलेले परत येणार नाहीत, उरलेले हवे असतील तर काम सोडा. माय म्हणाली, “सोड रे बाबा.” भाऊने आम्हा दोघींकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेला. माझी फी त्याच लूमवर विणली जात होती. मी त्याला कानात घालायला कापसाचे बोळे तेवढे करून दिले.

खात्यात कारागीर हातांनी आणि ओठांनी बोलतात, तिथे दुसरा इलाजच नसतो. ते हातवारे आता भाऊ घरी आणू लागला. तळहात खाली दाबला की हळू, बोट हलवलं की नाही. मायही शिकली.

शेवटच्या रविवारी त्याने दाढी केली होती. पहिल्या नंबरचा अल्बम वाजायला लागला. लांबलचक, संथ, सुरुवातीला तर नुसता श्वासासारखा बारीक सूर. बंद दाराआड, गाद्यागिरद्यांवर बसून ऐकणाऱ्यांचं संगीत. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? आणि ते सुंदर होतं ह्याचाच मला संताप येत होता.

“सुरू व्हयनं का?” भाऊने विचारलं.

केव्हाचं सुरू झालं होतं. मी होकाराची मान हलवली. त्याने आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं, कान जाळीला टेकवला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“आपली ऊनी का?”

मी बोट हलवलं. नाही.

तो असा उसळला की शेजारीण दारात धावून आली. स्वतःचा आवाज केवढा चढलाय हे त्याला कळतच नव्हतं.

“मत देनारा सगळा बहिरा शेतस का?”

शेजारीण घाबरून माझ्याकडे बघत होती. मायने त्याला हळू सांगायला तळहात उचलला. मी तिचा हात धरून खाली घेतला, आणि भाऊने आमची कॅसेट लावली.