हद्दीबाहेरचं पाणी

आमच्या निचरा संस्थेचे सचिव मोठे नियमाचे गृहस्थ. उसातलं जादा पाणी काढून नेणारी आमची चारी बारामती तालुक्यात. तिला शेजारच्या इंदापूर तालुक्यातल्या संस्थेची चारी जोडून दोन्ही संस्था एक करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी रीतसर जाहीर नोटीस लावली. चावडी बंद होती, म्हणून खिडकीतून हात घालून दाराला आतून चिकटवली आणि फोटो काढला.

"लावायचं काम माजं, वाचायचं लोकांचं," ते मला म्हणाले.

दोन्ही चाऱ्यांचं पाणी इंदापूरच्या हद्दीतल्या हमीदाभाभींच्या उसाच्या शेतात उतरणार होतं. त्यांना हे कळेपर्यंत हरकतीची मुदत संपली. सचिव हळहळले. "भाभी, तुमी कोर्टात जावा," म्हणाले, आणि माझ्या जीपमधून स्वतः सोबत आले.

बारामतीच्या कोर्टानं सांगितलं, जमीन इंदापुरात, तिकडं जा. इंदापूरचं कोर्ट म्हणालं, संस्था बारामतीची, तिकडं जा. दोन्हीकडं सचिवांनी भाभींना चहा पाजला आणि दोन्हीकडं त्यांच्याविरुद्ध नोटिशीचा फोटो दाखवला.

परतताना भाभींनी विचारलं, "भाऊ, पानी तरी इचारून येनार हाय का, हद्द कुनाची म्हनून?"

सचिवांनी मनापासून विचार केला. "न्हाय भाभी. पान्याला अधिकारक्षेत्राची अट न्हाय."

चाऱ्या जोडल्या गेल्या. भाभींच्या शेतात आता उसाऐवजी लव्हाळा वाढतो. तिकडून जाताना सचिव आपली गाडी थांबवून त्यांची आपुलकीनं चौकशी करतात. मी मात्र लांबच्या रस्त्यानं जातो.