पडदा आखूड नव्हता

मी रंगमंचावर राजा झालो, फकीर झालो, एकदा तर आजारी पडलेल्या नटीच्या जागी राणीसुद्धा झालो. पण माझ्यासमोर उघडणारा पडदा बहुतेक वेळा पडदेमामांनीच शिवलेला असायचा. पन्नास वर्षं हा माणूस मखमल शिवतो आहे. त्यांचा पडदा मिटला की दोन भागांमधून उजेडाची रेघसुद्धा निसटत नाही. अशा माणसाला परक्या शहरात ‘तुमचं माप चुकलं’ असं ऐकवलं गेलं. मामांनी मला हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच निवून गेला.

समुद्रापलीकडच्या एका नाट्यगृहानं त्यांच्याकडून मुख्य पडदा मागवला होता. पडदा आधी जहाजानं गेला, मागून तो टांगायला मामा विमानानं. सोबत त्यांची लेक. धंद्याचा पत्रव्यवहार तीच बघते आणि तिकडची भाषा तिला येते. काम पसंत पडलं तर त्याच मालकांच्या आणखी चार नाट्यगृहांचे पडदे मिळणार होते.

मामांनी ते शहर जोखलं ते खिडक्यांवरून. चाळीस-चाळीस मजली इमारती, पण कापड म्हणून कुठं दिसेना. जिकडे तिकडे प्लॅस्टिकच्या पट्ट्या.

‘एवढी श्रीमंती, आणि पडद्यावाचून राहतात?’ मामांनी टॅक्सीत विचारलं.

‘बाबा, त्या पट्ट्या ओढल्या की झाकतं.’

‘तसल्या पट्ट्या दुकानातल्या शीतपेटीला लावतात. घराला नाही.’

हॉटेलच्या खोलीतली खिडकी उघडतच नव्हती. रिकाम्या रस्त्यावरही माणसं हिरव्या दिव्याची वाट बघत उभी, पण शेजारच्याकडे कुणी बघेल तर शपथ. ‘राजे,’ मामा मला म्हणाले, मी राजांच्या भूमिका करायचो म्हणून ते मला अजून राजेच म्हणतात, ‘अख्खं गाव विंगेत उभं असल्यासारखं वाटलं. नाटक सुरू होईना, काही होईना.’

नाट्यगृहात पाहतात तो पडदा आदल्या दिवशीच टांगून झालेला. मामांसाठी थांबायची कुणाला गरज वाटली नव्हती. पडदा मिटलेला, आणि बरोबर मध्ये वीतभर फट.

‘आखूड आलाय,’ व्यवस्थापक म्हणाला. मोठा गोड बोलणारा माणूस. लेक भाषांतर करत होती.

मामांना एका नजरेत कळलं. पडद्याचे दोन भाग एकमेकांच्या जागी लागले होते. एकावर एक चढायला मधल्या कडांना वीत-वीत कापड जास्तीचं ठेवलेलं असतं. ते आता दोन्ही टोकांना विंगेमागे लोंबत होतं. सोबत पाठवलेला टांगणीचा नकाशा पाकिटातून बाहेरही निघाला नव्हता. मामा तडक रंगमंचाकडे निघाले, तर पहारेकऱ्यानं हात आडवा घातला. जमिनीवर पिवळी पट्टी होती. पट्टीपलीकडे फक्त परवाना असलेली माणसं. ज्याच्या पडद्याआड उभं राहून आम्ही नटांनी आमची धडधड लपवली, त्याला ही पट्टी दाखवता? मी तिथं असतो तर माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असता.

‘काळजी नको,’ व्यवस्थापक म्हणाला. ‘मध्ये कापडाची एक पट्टी आम्हीच जोडून घेऊ. तुम्ही फक्त इथं सही करा, की माप कमी भरलं.’

‘बाबा, करून टाका,’ लेक हळूच म्हणाली. ‘चार पडद्यांचा प्रश्न आहे. इथं आपल्याला ओळखतंय कोण?’

‘तू ओळखतेस ना? मग झालं.’

मामांनी तो सहीचा कागद घेतला, मधोमध घडी घातली आणि घडीवर फाडला. व्यवस्थापकाचा चेहरा उतरला. मामांनी दोन तुकडे पट्टीच्या अलीकडे जमिनीवर ठेवले, मधल्या कडा बोटभर एकावर एक चढवल्या आणि दोन्ही तुकड्यांच्या त्या चढलेल्या भागांवर पेनानं रेघा मारल्या. मग तुकड्यांची अदलाबदल केली. रेघा गेल्या बाहेरच्या टोकांना. त्या टोकांचा रेघांचा भाग मागे दुमडला आणि तुकडे आधीच्याच रुंदीत बसवले, तर मध्ये फट. शिडीवरचा म्हातारा दोरवाला खाली वाकून बघत होता. तो आधी हसला, मग त्यानं साथीदाराला हाक मारली.

दोन तासांत भाग बदलले. पडदा मिटला, तो मामांचा पडदा मिटावा तसाच.

माफी? छे. व्यवस्थापकानं नवा कागद छापून आणला: ‘मापातली चूक दुरुस्त झाली.’

‘त्याला म्हणावं, टांगण्यातली चूक,’ मामा म्हणाले.

‘तसा रकाना नाही,’ उत्तर आलं. ‘चूक कुणाची, या रकान्यात फक्त पुरवठादार येतो.’

‘मग समासात लिहा.’

‘समासात लिहायची परवानगी नाही.’

मामांनी सही केली नाही. ते चार पडदे दुसऱ्या कुणाकडे गेले. लेक विमानात दुसऱ्या रांगेत जाऊन बसली, आणि ओळखीतली शहाणी माणसं आजही म्हणतात, म्हाताऱ्यानं हट्टापायी हातचा घास घालवला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ती द्या, पण दोरही त्यानंच वळून द्यावा, ही कुठली रीत? तो पडदा तिकडे रोज मिटतो आहे, आणि कागदावर मामांच्या सहीची जागा कोरी आहे.