दुसरं ताट

औशाजवळच्या आमच्या गावात एक रिटायर झालेला इंग्रज एकटाच राहतो. बायको इथली, ती वारल्यावरही तो परत गेला नाही. दुपारी ओसरीवर जेवायला बसला की रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणतो, "या जेवायला." आमच्याकडं ही नुसती बोलायची रीत. आपण "होऊ द्या" म्हणायचं आणि पुढं निघायचं. मीही रोज तेच करायचो.

परवा भाकरी मोडता मोडता तो मला म्हणाला, "समदे होऊ द्या म्हणतात. बसत कुणीच न्हाई."

मी चपला काढल्या. तो लगबगीनं आत जाऊन दुसरं ताट घेऊन आला. ताट कोरं होतं, त्यावरचं दुकानाचं स्टिकर मात्र पिवळं पडलं होतं.